सलोमीचं दुसरं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, पाळकसाहेबांना नाही. देवाला तरी सांगितलं असेल असं तुम्ही म्हणाल — पण त्याच्यापुढंही मी शब्द फिरवूनच बोलत आले. 'आम्हा सर्वांच्या चुका' असं मोघम म्हणायचं आणि पुढं सरकायचं. प्रार्थनेत लपायला फार जागा असते.

तुमची माझी ओळख नाही. म्हणूनच कदाचित बोलता येईल. मधे अडखळले तर जरा थांबा.

माझ्या धाकट्या जावेची ही गोष्ट आहे. तिचं नाव सलोमी. कागदावर सगुणा.

ती बारामतीकडच्या कऱ्हाटी गावची. माझा धाकटा दीर तेव्हा माळेगावकडं कारखान्यावर हंगामाला जायचा, तिथं त्यांची ओळख झाली आणि लग्न करूनच तो तिला घेऊन आला. तिच्या माहेरी कुणी ख्रिस्ती नव्हतं. वर्षभर ती आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मागं भिंतीला टेकून बसायची आणि ऐकायची. मग एक दिवस आपणहून म्हणाली, मला पण बाप्तिस्मा घ्यायचाय. कुणी आग्रह केला नव्हता. उजनीच्या पाण्यात पाळकसाहेबांनी तिला बुडवलं, आणि वर आली ती हुंदके देत. काठावर टॉवेल घेऊन मी उभी होते. तिचे केस मी पुसले. सलोमी हे नावही मीच सुचवलेलं.

तिचा भाऊ बबन तेव्हा आमच्या अंगणात येऊन बरंच बोलून गेला. आमच्यासाठी तू मेलीस, म्हणाला. पण त्याचा राग टिकला नाही. पुढच्या भाऊबीजेला तोच तिला न्यायला आला आणि दर वर्षी येत राहिला. ती जायची, त्याला ओवाळायची. मी तिला एकदा समजावलं होतं, की हे ओवाळणं आता आपल्यात बसत नाही. ती हसून म्हणाली, "भाऊ तर बसतो ना, आक्का?"

मी तशी नव्हते. मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, सातवी पास. रविवारी उपासनेआधी मी मुलांची शब्बाथशाळा घ्यायचे — शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायच्या, गीतं शिकवायची. वस्तीत मला सगळे बाई म्हणत. वस्ती म्हणजे आमची आठ-दहा घरं, इंदापूर आणि भिगवणच्या मधे, धरणाच्या पाण्याजवळ. जुनं गाव पाण्यात गेलं तेव्हा नवं गावठाण मिळालं, रस्ता मिळाला, शाळा मिळाली. आमची दफनभूमी मात्र पाण्याखाली गेली ती गेलीच. नवीन कुणी दिली नाही. माणूस गेलं की आम्ही कुठं तरी बांधाला, काठाला जागा शोधायचो, आणि कुणी ना कुणी हरकत घ्यायला यायचंच.

सलोमीची पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन गेली. उन्हाळा होता, पाणी बरंच मागं हटलेलं. काठाच्या वर, सुरक्षित वाटलं तिथं, तिला ठेवली. त्या वर्षी पाणी नेहमीपेक्षा जास्त चढलं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा सलोमी रोज दुपारी त्या भेगाळलेल्या चिखलात जाऊन जागा शोधायची. सापडली नाही. मी तिला हाताला धरून घरी आणायचे. तेव्हा माझं तिच्यावर प्रेम होतं — हे मी खोटं सांगत नाही. पुढं जे झालं ते प्रेम असतानाच झालं.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत ग्रामपंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या. आमच्या वॉर्डात जागा निघाली ती अनुसूचित जातीच्या बाईसाठी. एका पॅनेलचे पुढारी आबा आमच्या घरी आले. आले ते माझ्याकडे. बाई शिकलेल्या आहेत, चार माणसांत बोलतात, म्हणाले. खाटेवर बसले, चहा मागितला. तुम्हाला सांगते, चहाला उकळी यायच्या आत मी मनानं पंचायतीच्या खुर्चीवर बसलेसुद्धा होते.

मग त्यांनी जातीच्या दाखल्याचं विचारलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर स्पष्ट 'ख्रिस्ती' लिहिलेलं. ख्रिस्ती झालं की सरकारच्या लेखी ती जात संपते. गावात संपते का? भिगवणच्या रस्त्यावरच्या हॉटेलात आमचे कप तेव्हाही वेगळेच ठेवलेले असत. पण कायदा म्हणजे कायदा. आबांनी दाखला घडी करून परत दिला. तेवढ्यात सलोमी चहा घेऊन आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "आन् ह्यांचं कागद काय म्हणत्यात?"

सलोमीच्या कागदांवर माहेरची जात होती, अनुसूचितच. धर्म हिंदू. बाप्तिस्म्यानंतर ते बदलून घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे उभं राहण्याबद्दल तिच्याशी बोलायला लागले. मी पण बोलत होते. आतून मात्र — काय सांगू? मी तिला नाव दिलं, मी तिला शास्त्र शिकवलं, आणि खुर्ची तिला. तीही का, तर ती माझ्याइतकी जुनी ख्रिस्ती नव्हती म्हणून. याला मी हेवा म्हटलं नाही. मी याला श्रद्धा म्हटलं.

एका दुपारी आम्ही दोघी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मी विषय काढला. म्हटलं, अर्जावर तू सही करशील ती सगुणा म्हणून, हिंदू म्हणून. हे प्रभूला नाकारणं नाही का? तिनं याचा विचार आधीच केलेला होता. म्हणाली, "एस्तेरची बी दोन नावं हुती ना, आक्का? तुमीच शिकवलं. परक्या राजाची रानी हून राजवाड्यात गेली तवा तिनं आपली मानसं कोन ते सांगितलं न्हवतं. तिला वाढवनाऱ्या मर्दखयनंच बजावलं हुतं तिला. मग ती खोटी झाली का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी दानिएल काढला. एस्तेरसारखाच परमुलखात नेलेला माणूस, तशाच परक्या राजाच्या नोकरीत. राजानं प्रार्थनेवर बंदी घातली तर त्यानं खिडकी उघडी ठेवून, सगळ्यांना दिसेल अशी प्रार्थना केली. सिंहांपुढं टाकला गेला, पण लपला नाही. मी फार छान बोलले. मला अजून आठवतं, बोलताना माझ्या अंगावर काटा आला होता.

सलोमी शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "दानिएल मोठ्या हुद्द्यावर हुता, आक्का. एस्तेर पोरकी पोर हुती." आणि जरा थांबून, "मला खुर्ची नगं. गायरानातला एक तुकडा पायजे. पोरांना ठेवायला."

मी सुपातली टरफलं फुंकली आणि आत गेले.

पाळकसाहेब बारामतीहून महिन्यातून दोनदा स्कूटरवर यायचे. सलोमीनं त्यांनाही विचारलं. ज्याचा त्यानं देवासमोर विचार करावा, एवढंच ते म्हणाले. ते भित्रे होते असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते. मी!

अर्ज भरून झाला. छाननीच्या आदल्या आठवड्यात मी भिगवणला बाजाराला गेले होते. हायवेला दुसऱ्या पॅनेलच्या तात्यांचं मासळीचं हॉटेल होतं. त्यांनी मला हाक मारली. बसायला खुर्ची दिली, आतून चांगला काचेचा ग्लास मागवला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "बाई, तुमी शास्तर शिकवता. तुमी काय खोटं बोलनार न्हाय. तुमची जाऊ नक्की कोन हाय?"

आता नीट ऐका. इथं मला वाचवायला पुष्कळ वाटा होत्या. 'मला माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'तिलाच विचारा' म्हणता आलं असतं. उठून जाता आलं असतं, एसटी यायला झालीच होती. मी सांगितलं. तिनं बाप्तिस्मा घेतलाय, म्हटलं. ती देवळात भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन घेते. एवढ्यावर थांबले असते तरी — पण मी थांबले नाही. कुठल्या पाण्यात घेतला, कुणी दिला, तिचं नाव आता सलोमी आहे, हेही सांगितलं. पाण्यातून वर येताना ती कशी रडली, तेसुद्धा सांगितलं. ते कशाला? ते तर त्यांनी विचारलंही नव्हतं.

बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम मी एकही खोटा शब्द न बोलता केलं. एसटीत बसले तेव्हा मला हलकं वाटत होतं. मी गीत गुणगुणत होते.

छाननीला इंदापूरच्या कचेरीत मी सलोमीबरोबर गेले. तिला एकटीला भीती वाटत होती, दिराला कामावरून सुट्टी नव्हती. मीच तिचं लुगडं नीट चापून दिलं. तात्यांच्या माणसानं हरकत घेतली आणि सगळं सांगितलं — पाणी, पाळक, नाव. अधिकारी वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी कागद पुन्हा पाहिले. कागदावर तर हिंदू आहे, म्हणाले. तुम्ही तसं सांगा, विषय संपला. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं हो तिच्यासाठी. फक्त 'होय' म्हणायचं होतं.

सलोमीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मी प्रभूची हाय, सायेब," ती म्हणाली. "कागद जुना हाय."

अर्ज बाद झाला. कारकुनानं पुढचं नाव पुकारलं.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ बाहेर उसाकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. म्हणाली, "एस्तेरनं बी शेवटी राजाला सांगितलंच की." खरंच होतं ते. एस्तेर बोलली तेव्हा राजानं हातातला सोन्याचा राजदंड पुढं केला आणि तिची यहुदी माणसं कत्तलीतून वाचली. मुलांना ही गोष्ट मी किती वेळा सांगितली होती — देव आपल्या माणसाला राज्यात जागा का देतो, तर वेळ आली की त्यानं आपल्यांसाठी बोलावं म्हणून. आणि इथं बोलणारी माझ्या शेजारी बसली होती, तिचा हात माझ्या हातात होता, आणि तिला त्या जागेवरून मी खाली ओढलं होतं.

घर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, हे त्यांना कुणी सांगितलं असेल. तिचं तीच म्हणाली, "बबननंच. त्येच्या मनात अजून हुतं तर." मग माझ्याकडे वळली. "तुमाला काय वाटतं, आक्का?"

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. एकच शब्द. या शब्दावर सलोमीनं माहेर तोडलं. मी काय म्हटलं ते तिनं तपासून पाहिलं नाही, कारण मी बाई होते, शास्त्र शिकवणारी. त्या भाऊबीजेला बबन न्यायला आला तर ती दाराबाहेर आली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. त्याला कळेना काय झालंय ते. शेवटी दिरानं त्याला कारण सांगितलं, तेव्हा तो माझ्याकडे आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, हातात बहिणीसाठी आणलेलं लुगडं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, मी त्या वक्ताला लय बोललो, ते मला मान्य हाय," तो म्हणाला. "पन ह्ये मी न्हाय केलं. आईची आन. तिला मी सांगून पटायचं न्हाय. तुमचं ऐकंल ती. तेवढं सांगा."

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, सांगते.

लुगडं मी तिला दिलं. निरोप दिला नाही. आज देऊ, उद्या देऊ असं मी ठरवत असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. मी मुळीच देणार नव्हते, हे तो पायऱ्या उतरत होता तेव्हाच मला माहीत होतं. बबन नाही, तर मग कोण? — हा पुढचा प्रश्न मला ऐकायचा नव्हता. सलोमीनं ते लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं. कधी नेसली नाही.

निवडणूक तात्यांच्या पॅनेलनं जिंकली. गायरानाचं कुणी काही केलं नाही. दोन वर्षांनी वस्तीतल्या लोकांनीच आपल्यातल्या एकाच्या रानाचा कोपरा वर्गणी काढून घेतला, तेव्हा आमच्या मेलेल्यांना जागा झाली. मी रविवारची शाळा घेत राहिले. मुलांना दानिएल सांगत राहिले. एस्तेरची गोष्ट मात्र मी गाळायला लागले. एका मुलीनं विचारलंही, बाई, ती राणीची का नाही सांगत? मी म्हटलं, ती मोठ्यांची आहे.

दशक संपायला आलं तेव्हा सलोमी आजारी पडली. पोटात गाठ होती, उशिरा कळली. बारामतीला दवाखान्यात ठेवली. तिच्याजवळ मी राहिले — दुसरं कोण राहणार? तिचं अंग मी पुसायचे, केस विंचरायचे. केस फार राहिले नव्हते. ती म्हणायची, आक्का, तुमी हाय म्हणून मला कशाची भीती न्हाय. हे ऐकताना मी कंगवा पुसत बसायचे.

कऱ्हाटी तिथून लांब नाही. तासाभरात बबन आला असता. मी तिला विचारलं, त्याला बोलावू का? तेव्हा तरी मला सांगायचं होतं का, मला ठाऊक नाही. ती मानेनंच नको म्हणाली. दुपारची वेळ होती, वॉर्डातली बाकीची माणसं जेवायला बाहेर गेली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"त्येला बघितला की राग यील. मला आता राग नगाय," ती म्हणाली. "तुमी प्रार्थना करा. प्रभूला म्हना, सलोमीनं तिच्या भावाला माफ केलं."

मी तिचा हात हातात घेतला. डोळे मिटले. आणि म्हटलं. मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं म्हटलं — हे प्रभो, तुझ्या लेकीनं तिच्या भावाला, बबनला, क्षमा केली आहे, तिच्या मनातला सगळा राग तू काढून घे. आमेन. तीही आमेन म्हणाली. तिचा चेहरा निवळला. ती झोपली, मी तिचा हात धरून बसून राहिले. तिची क्षमा मी माझ्या तोंडानं, देवाचं नाव घेऊन, ज्यानं काही केलं नव्हतं त्याच्या नावावर केली. ती क्षमा माझी होती. ती तिनं मला दिली असती का? तेवढं विचारायचीही संधी मी तिला दिली नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दिरानं बबनला कळवलं, तो मातीला आला. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. केस पिकले होते त्याचे. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, तिला सांगितलं हुतं ना तुमी? मी न्हवतो म्हणून?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं होतं."

"मग? पटलं तिला?"

"पटलं."

तो तिथंच खाली बसला आणि टोपी तोंडावर धरून रडला. मग उठून त्यानं मला हात जोडले.

दीर नंतर मुलांना घेऊन पुण्याला गेला. बबन मात्र दर सुगीला माझ्या घरी शाळूचं पोतं पाठवतो. मी नको म्हटलं, तरी पाठवतो. बाईंनी माझा शब्द बहिणीपर्यंत पोचवला, असं तो त्याच्या गावात सांगतो म्हणे. आता तो थकलाय, स्वतः येत नाही, कुणाच्या तरी गाडीवर देतो.

यंदाचंही आलं. मी ते उतरवून घेतलं, निवडलं, दळून आणलं. आज सकाळी त्याचीच भाकरी केली आणि खाल्ली.